रांजणाला सांगितलेली थाप

सख्या, मराठीत लिहून राहिलो, रागावू नको. तू रागावणार नाहीसच म्हणा. तू हसशील. "बघा, आमचा नागोबा माझ्यासाठीसुद्धा मराठीतच रडून राहिला," असं म्हणशील आणि शेजारी बसलेल्याला कोपरानं ढोसशील. हस बाबा, तो तुझा हक्कच आहे. पण करू काय? आपल्या बोलीला लिपी नाही. कालच तिचं एक वाक्य बालबोधीत लिहून पाहिलं, तर माझं मलाच ते ओळखू येईना. मागून आणलेला कोट घालून लग्नात उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसत होतं. कागद चुलीत घातला आणि मुकाट मराठीवर आलो.

तुझा तेरावा होऊन गेला. लोक आले, जेवले, तू किती भला होतास ते मला ऐकवून गेले. मी मान हलवत राहिलो. तू भला होतासच. पण आपण दोघं भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो, हे काहींना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते माझ्यासमोर जरा जास्तच गोड बोलले.

हा कागद उद्या कुणा परक्याच्या हाती लागला तर त्याला कळावं म्हणून चार गोष्टी सांगतो, तू जरा दम धर. आपण रंगारी. नांदेडात घाटाच्या वर आपली गल्ली. आपण घरात बोलतो ती बोली मराठी माणसाला गुजराथी वाटते, गुजराथी व्यापाऱ्याला कानडी वाटते, आणि कचेरीतल्या मुन्शीला तर ती भाषाच वाटत नाही. आपले आजे-पणजे कुठून आले कुणास ठाऊक, येताना दोनच गोष्टी घेऊन आले. एक ही बोली आणि दुसरी नीळ.

निळीचा रांजण म्हणजे काय चीज असते, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला कसं सांगावं! जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मोठा रांजण, त्यात नीळ, चुना, गूळ आणि तरोट्याच्या शिजवलेल्या बिया. हे सगळं नीट आंबलं, की वर जांभळट फेस धरतो आणि खालचं पाणी हिरवं-पिवळं होतं. त्याला आपण म्हणतो रांजण उठला. त्यात कापड बुडवून वर काढलं की आधी हिरवं दिसतं, आणि वारा लागला की डोळ्यादेखत निळं होतं. पण कधीकधी रांजण बसतो. फेस मरतो, पाणी काळपट पडतं, वास असा सुटतो की गल्लीतलं कुत्रंही लांबून जातं. मग गूळ घाला, चुना घाला, भोवती शेणाची ऊब द्या. तरीही उठला नाही, तर शेवटचा उपाय थाप.

हो, थाप. घरातल्या जाणत्या माणसानं काठाशी बसायचं आणि रांजणाला एक थाप सांगायची. आपल्या बोलीत सांगायची, कारण रांजणाला दुसरी भाषा कळत नाही. तोंडावर हसू येऊ द्यायचं नाही. आणि थाप पक्की खोटी पाहिजे. तिच्यात कणभर जरी खरं निघालं तरी रांजण उठत नाही, असं आपले म्हातारे सांगायचे. तुला आठवतं? तुझ्या बापानं एकदा अगदी गंभीर तोंड करून सांगितलं होतं, की गोदावरी उलटी फिरली आणि माहूरच्या गडावर देवीच्या दर्शनाला चढून राहिली. माझ्या बापानं एकदा अर्धापूरच्या केळीला नारळ लावले होते. आपण दोघं कोपऱ्यात धोतराचा बोळा तोंडात कोंबून हसत होतो आणि तुझ्या बापाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. सकाळी रांजणावर फेसाचं हे एवढं फूल! गुळानं उठला असेल, उबेनं उठला असेल, मला काय माहीत. आपल्याला वाटायचं थापेनंच उठला. खरं सांगू? मला अजूनही तसंच वाटतं.

मग शाळा आली. शाळेत उर्दू, बाजारात दखनी, देवळात मराठी. एकदा वर्गात माझ्या तोंडातून आपल्या बोलीतला शब्द निसटला, तर मास्तरांनी विचारलं, "ये कौन से जंगल की बोली है?" सगळी पोरं हसली. तूही हसलास. मला रडू फुटलं. घरी येताना तू म्हणालास, "अरे, त्याला कळली न्हाई म्हणून त्यानं विचारलं, त्यात रडतो काय?" मला वाटतं आपले रस्ते तिथंच फुटले. तुला ती गोष्ट जशी होती तशी दिसली, आणि मला त्यात अपमान दिसला. आयुष्यभर मी त्या एका अपमानावर पोट भरत आलो.

मोठा झाल्यावर मी बोलीचा कैवारी झालो. सभा काय, ठराव काय, भाषणं काय! लातूरच्या रंगाऱ्यांची सभा मीच बोलावली होती. तू आलास, मागच्या रांगेत खांबाला टेकून बसलास. मी आपल्या बोलीत सुरुवात केली, तर पुढची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. लातूरच्या घरांतून बोली केव्हाच उठून गेली होती. मग मी मराठीवर आलो आणि असा बोललो, असा बोललो, की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. परतीच्या मोटारीत तू माझ्या शेजारी बसलास.

"नागोबा, लई बेस बोलला," तू म्हणालास. "पण आपली बोली वाचवा म्हणून मराठीत कशाला रडला?"

"त्यांना कळत न्हाई म्हणून!"

"कळतच न्हाई, तर मग वाचवायचं काय?"

"तू तर बोलूच नको," मी भडकलो. "तू पोरासंगं मराठी बोलतो."

"हाव, बोलतो. चोरून न्हाई बोलत. बाजार दखनीत, कचेरी उर्दूत, देव मराठीत. आपल्या बोलीत काय उरलं? नीळ अन् शिव्या. मुकुंदाच्या तोंडात तीन भाषा कोंबता कोंबता माझा दम निघून राहिला. चौथी कुठं ठेवू?"

"म्हणजे मरू द्यायची?"

"मी मारून राहिलो का? ती जाऊन राहिली. मी दारात उभा राहून तेवढंच सांगून राहिलो, की बाबा, ती जाऊन राहिली."

हे सगळं आपण बोलीतच बोललो होतो. पुढच्या बाकड्यावरचा माणूस दोनदा वळून बघत होता. तू त्याला रामराम केलास.

"चोरून न्हाई बोलत" हे तू सहज म्हणालास की मला टोचायला म्हणालास, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. माझी बायको शेवंता लातूरकडच्या मुरुडची. रंगाऱ्याचीच लेक, पण त्यांच्याकडे बोली आजीबरोबर गेली. ती आली ती मराठी घेऊनच आली, आणि ती लेकरांना जेवू घालायची, रागवायची, निजवायची ती मराठीतच. मीही घरात पगडी काढली की मराठीवर यायचो. मधली भिंत ती केवढी! तुझ्याकडे भाकरी थापली तर मला ऐकू यायची. माझ्या घरात कोणती भाषा चालते ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि त्याच तोंडानं मी ठराव आणला. ज्या रंगाऱ्याच्या घरात बोली बोलली जाणार नाही, त्याला समाजाच्या पंगतीत मान नाही. देवळाच्या ओट्यावर सगळे बसले होते. मी म्हटलं, कुणाची हरकत? कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांच्या घरात थोडीफार मराठी होतीच, पण कबूल कोण करणार? तेवढ्यात तू उठलास. म्हणालास, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई बाबांनो. मला सोडून पंगत घाला." मी घाबरलो. आता हा माझं नाव घेणार, आता भिंतीपलीकडचं सगळं बाहेर काढणार. एका वाक्यात तू माझी इज्जत मातीत मिळवली असतीस. तू माझ्याकडे बघितलंस, पायात वहाणा घातल्या आणि गेलास. त्या वर्षी तुझं पान वाढलं नाही. मी जिलबी खाल्ली. अजून तिची चव तोंडात आली की थुंकावंसं वाटतं.

गोदावहिनी त्या दिवशी ओट्याखालून घागर घेऊन गेल्या. त्यांनी मला बघितलं, पदर सारखा केला आणि गेल्या. तुझ्या बायकोनं मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

आता निळीचं. परदेशी पुडीचा रंग आला तेव्हा गल्लीतले रांजण एकेक करून बुजले. पाण्यात पुडी सोडली की झालं, ना आंबवणं ना राखणं. मीही माझा रांजण बुजवला आणि वर दुकानाची फळी टाकली. बोली वाचवायला निघालेला माणूस मी, आणि बापाच्या रांजणात माझ्या हातानं माती लोटली! तू मात्र तुझा ठेवलास. गिऱ्हाईक नसलं तरी रोज ढवळायचास. मी तुला चिडवायचो, "अरे, आता नीळ कोण पुसतं?" तू म्हणायचास, "नीळ माझ्या हातात हाय नागोबा, म्हणून धरून राहिलो. बोली माझ्या एकट्याच्या हातात न्हाई." तेव्हा मला ते तुझं उगीचचं कोडं वाटायचं. तू सरळच बोलत होतास.

मग दूरदेशी लढाई पेटली आणि पुडी यायची बंद झाली. सगळ्या गल्लीत एकच रांजण शिल्लक, तुझा. माझ्या दुकानाचं कापड तूच रंगवून देऊ लागलास. माहूरच्या यात्रेला निळी लुगडी न्यायची होती, आणि नेमका तेव्हाच तुझा रांजण बसला. गूळ झाला, चुना झाला, काही केल्या हलेना. तू म्हणालास, "चला, थाप मारू."

दिवेलागण झाली होती. मी होतो, मुकुंदा होता, कोपऱ्यावरचा चाँदभाई होता. चाँदभाई रंगरेज, ओढण्या रंगवणारा, आपल्याबरोबरच लहानाचा मोठा झालेला. त्याला आपली बोली आपल्या लेकरांपेक्षा चांगली येते, हे लिहितानाही मला कसंतरी होऊन राहिलं. तू काठाशी उकिडवा बसलास. मला वाटलं तू बापासारखी गोदावरी गडावर चढवणार. तू दोन्ही हात गुडघ्यावर ठेवलेस आणि रांजणाला म्हणालास, "माझ्या अन् नागोबाच्या नातवंडांच्या तोंडी हीच बोली राहील."

चाँदभाईला ठसका लागला. मग तो हसायला लागला, पोट धरून हसला. "क्या झूट मारा यार!" म्हणाला. मुकुंदाला वाक्य समजलं नव्हतं, पण चाँदभाई हसला म्हणून तोही हसला.

मी उठलो. "माझ्या आईची बोली तू थापेत घातली!" मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही, तुला पाठ असेल. समाजाचा दुश्मन म्हणालो, बापाचं नाव बुडवणारा म्हणालो. तू नुसता रांजणात बघत राहिलास. मला वाटलं, शरम वाटून राहिली असेल मेल्याला. बघू दे खाली.

सकाळी चाँदभाईची आरोळी गल्लीभर ऐकू आली, "उठ गया! सखाराम का रांजण उठ गया!" मी कानात बोटं घातली. त्या दिवसापासून आपला अबोला.

अबोला माझा होता, तुझा नव्हता. तुझ्याकडून तो फक्त पाळला गेला. माझं कापड चाँदभाईच्या हातानं तुझ्याकडे यायचं, रंगून परत जायचं, आणि तेही कधी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागून नाही. एकदा एका लुगड्याच्या काठाला डाग पडला होता, तर तू तुझ्या घरचं लुगडं त्याच्या जागी घडी करून पाठवलंस. मी ओळखलं. गोदावहिनींच्या अंगावर ते मी पाहिलं होतं. मी ते विकलं, सख्या. चाँदभाईपाशी एक शब्दही तुला सांगून धाडला नाही. कितीदा तरी भिंतीशी कान नेऊन उभा राहिलो. तू रांजणाशी बोलत ढवळायचास, त्याला शिव्या घालायचास, आणि त्या शिव्या आपल्या बोलीतल्या असायच्या. मला हसू यायचं. मी भिंतीला टेकून एकटाच हसायचो. असं पुष्कळदा झालं. एकदाही मला पलीकडे यायची बुद्धी झाली नाही.

तू गेलास तो घाटावर, ओल्या कापडाच्या ढिगाशेजारी. चाँदभाई धावत माझ्या दुकानात आला. एरवी तो माझ्याशी दखनीत बोलतो. त्या दिवशी त्यानं आपल्या बोलीत सांगितलं. अशी खबर माझ्या घरच्या भाषेतच सांगायला पाहिजे असं त्याला वाटलं असणार. आणि मी, बोलीचा कैवारी, मी त्याला मराठीत म्हटलं, "काय सांगतो?" पुन्हा त्यानं बोलीतच सांगितलं.

मी तुला खांदा दिला. घाटावर चार माणसं म्हणाली, नागनाथराव, तुम्ही दोन शब्द बोला. बोललो. लोक म्हणाले, छान बोललात. जाऊ दे, त्याच्याबद्दल मी लिहीत नाही.

सुतकात रांजणाला कुणी हात लावला नाही. तेरावा झाल्यावर मुकुंदानं झाकण काढलं आणि तसाच माझ्याकडे आला. मोठा झाला आहे रे तुझा पोरगा, लातूरच्या अडतीवर राहून राहून त्याची चालही व्यापाऱ्यासारखी झाली होती, पण तुझ्यासाठी परत आला आणि नीळ शिकला. दारातच उभा राहिला.

"काका, रांजण गेला."

"गूळ घातला का?"

"सगळं केलं. न्हाई उठत. घरात नीळ उरली न्हाई काका, हा गेला तर दुसरा लावायला काही न्हाई. यात्रेचं कापड पडून हाय, लोकांनी पैसे देऊन ठेवले." मग खाली बघून म्हणाला, "थाप मारायला तुम्ही चला. मला बोली येत न्हाई."

बघ सख्या, तुझं म्हणणं किती खरं होतं, ते तुझ्याच पोरानं माझ्या दारात उभं राहून सांगितलं. मी म्हटलं, "चाँदभाईला येते." तर म्हणाला, त्याला विचारलं, तो म्हणतो घरचा माणूस पाहिजे. घरचा माणूस! मी पगडी घातली, परत काढून ठेवली आणि बोडकाच निघालो. तुझ्या अंगणात किती दिवसांनी पाय ठेवला.

वाटेत मी थापा जुळवत होतो. गोदावरी उलटी, केळीला नारळ, तालुकदारसाहेब आपल्या गल्लीत रंगपंचमी खेळायला येऊन राहिले. गोदावहिनी ओसरीत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, "वहिनी, तुम्हीच का न्हाई मारत थाप? तुम्हाला तर बोली येते."

"मी आता काही बी बोलले तरी खरंच निघंल, भावजी," त्या म्हणाल्या. आणि मी काही न विचारता म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही रागावून गेले ना, त्या दिवशी हे जेवले न्हाईत."

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"सकाळी चाँदभाई ओरडला, उठला म्हणून. मी यांना हलवलं, म्हटलं चला, रांजण उठला. तर तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले. म्हणाले, मला वाटलं न्हाई उठायचा. म्हटलं, उठला तर बरंच झालं की, यात्रेचा माल निघंल. तर म्हणाले, तुला काय कळतंय. मी त्याला थाप मारलीच न्हाई. मी त्याला विचारून राहिलो होतो."

सख्या, अरे सख्या! मला सांगायचं होतंस रे. मला भिंतीवरून एक हाक मारायची होतीस. मी ओरडून राहिलो होतो आणि तू रांजणात बघत बसलास, ते शरमेनं नाही, तू उत्तराची वाट बघत होतास. माझ्यापेक्षा जास्त आस लावून बसला होतास. मी नुसती भाषणं केली. तू विचारलंस, रांजणानं उठून 'खोटं' असं उत्तर दिलं, आणि ते उत्तर पांघरुणाखाली घेऊन एकटा पडून राहिलास. सगळ्यांत जास्त लाज मला ह्याची वाटते, की तुला आपली बोली नको आहे असं मी गावभर सांगत फिरलो.

मी रांजणापाशी गेलो. वास तसाच, नाक जाळणारा. पाणी काळं. मुकुंदा माझ्या मागं उभा, चाँदभाई दाराशी. मी काठाशी बसलो. गोदावरी, नारळ, तालुकदार, सगळं डोक्यातून गेलं. तोंडातून निघालं ते तुझंच वाक्य. माझ्या आणि सख्याच्या नातवंडांच्या तोंडी हीच बोली राहील. बोलताना एक शब्द मला चटकन आठवला नाही, मधे थांबावं लागलं. चाँदभाई या खेपेला हसला नाही. तो उठून बाहेर गेला.

"काय सांगितलं काका?" मुकुंदानं विचारलं.

"गोदावरी उलटी वाहून राहिली म्हणून सांगितलं," मी म्हटलं.

घरी आलो. शेवंतानं पान वाढलं, मी पानावर बसून राहिलो. आणि आता जे लिहितो त्यासाठीच खरं तर हा कागद घेतला. मला वाटत होतं, रांजण उठू नये. तुझ्या बायकोची भाकरी त्या रांजणात आहे, तुझ्या पोराचा शब्द यात्रेतल्या लोकांपाशी अडकलेला आहे, दुसरा रांजण लावायला चिमूटभर नीळ घरात नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी देवीला हात जोडून म्हणत होतो, माय, बसलेलाच राहू दे त्याला. एकदा तरी खरं निघू दे. तुझं घर बसलं तरी चालेल, पण माझं म्हणणं उभं राहू दे, असा मी माणूस. तूही त्या रात्री असंच मागितलं असशील, पण तू तुझ्या स्वतःच्या भाकरीवर मागितलंस. मी वहिनींच्या भाकरीवर मागत होतो.

उजाडलं तेव्हा मी ओसरीतच होतो. भिंतीपलीकडे झाकण सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, सख्या, नाही उठला. आपली बोली राहणार रे. माझे डोळे भरून आले, लिहायला लाज वाटते, पण आनंदानं भरून आले.

तेवढ्यात मुकुंदा माझ्या दारात आला. कोपरापर्यंत हात निळे, तुझेच हात. हातात ओलं कापड, अजून हिरवं. हसत होता, बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसत होता.

"काका, उठला!"

त्यानं कापड माझ्या हातांवर टाकलं. दारातून वारा येत होता. मी बघत राहिलो आणि ते माझ्या हातांवर निळं होत गेलं.

"पण काका," तो म्हणाला, "गोदावरी उलटी वाहती, ही थाप तर आजोबांची जुनीच हाय. एवढ्याशा थापेवर उठला?"

"एवढीशी न्हाई रे बाबा," मी म्हटलं. "लई मोठी थाप होती."